रक्ताशी संपर्क आला तर: एचआयव्हीचा धोका कसा जोखावा आणि पहिल्या ७२ तासांत काय करावे

समुपदेशनासाठी समोर येऊन बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "त्याचं रक्त मला लागलं, आता मला होणार का?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण 'रक्त लागले' एवढ्या दोन शब्दांत अगदी वेगवेगळ्या घटना दडलेल्या असतात. अपघातग्रस्ताला उचलताना बाहीला लागलेले रक्त, दाढी करताना पात्याने निघालेला थेंब, वॉर्डातली चादर गोळा करताना मावशींच्या तळहातात घुसलेली सुई आणि रक्तपेढीतून आणून शिरेतून चढवलेली पिशवी या चारही गोष्टींना आपण 'संपर्क'च म्हणतो. धोक्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. तो फरक ज्याला ओळखता येतो, तो विनाकारण झोप उडवून घेत नाही आणि जिथे खरोखर घाई करायला हवी तिथे दिवस वायाही घालवत नाही.

विषाणूला आत शिरायला काय लागते

एचआयव्ही शरीराबाहेर वाढू शकत नाही. त्याला माणसाच्या जिवंत पेशी लागतात, त्यातही मुख्यतः सीडी४ प्रकारच्या पांढऱ्या पेशी, आणि तिथवर पोचण्याआधी तो निकामी झाला तर लागण होत नाही. त्याचे बाहेरचे आवरण स्निग्ध असते. साबण, स्पिरिट आणि ब्लीच यांनी ते फुटते, आणि रक्त वाळू लागले की काही तासांतच त्यातल्या सक्षम विषाणूंचे प्रमाण ९० ते ९९ टक्क्यांनी घटते, असे प्रयोगशाळेतल्या मोजणीत दिसून आले आहे. आपल्या त्वचेचा वरचा थर मृत पेशींचा असल्यामुळे तिथे विषाणूला शिरायला जागाच मिळत नाही. म्हणून अखंड त्वचेवर रक्त सांडले आणि ते धुऊन टाकले, तर लागण होत नाही. डोळे, नाक आणि तोंड यांचे आतले अस्तर मात्र पातळ, ओलसर आणि जिवंत पेशींचे असते. ताजी उघडी जखम, भाजलेली जागा किंवा इसबाने भेगाळलेली त्वचा यांचीही गणना त्याच वर्गात करावी. दोन दिवसांपूर्वी खरचटून खपली धरलेल्या जागेची त्यात गणना होत नाही.

रक्ताखेरीज वीर्य, योनीतील व गुदद्वारातील स्राव आणि आईचे दूध यांतून हा विषाणू जाऊ शकतो. थुंकी, घाम, अश्रू, लघवी आणि उलटी यांत रक्त मिसळलेले दिसत नसेल, तर त्यांच्यापासून धोका नाही. डासांबद्दल मात्र अजूनही हमखास विचारले जाते. हिवतापाचे परजीवी डासाच्या अंगात वाढून त्याच्या लाळेत उतरतात, म्हणून डास हिवताप पसरवतो. एचआयव्ही डासाच्या अंगात वाढत नाही, आणि डास चावताना आपली लाळ सोडतो, आधीच्या माणसाचे रक्त नव्हे.

स्वतःला विचारायचे चार प्रश्न

घटना कोणतीही असो, रक्त कोणाचे होते, किती आणि कोणत्या स्थितीत होते, ते शरीरात कोणत्या वाटेने गेले आणि त्याला किती वेळ झाला, हे चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मिळतच नाही, आणि चेहऱ्यावरून, कपड्यांवरून किंवा व्यवसायावरून ते काढू पाहणे ही सर्वांत मोठी चूक होय. समोरची व्यक्ती एचआयव्हीसह जगत असून नियमित औषध घेत असेल, तर तिच्या रक्तातले विषाणू इतके घटलेले असू शकतात की चाचणीला ते सापडतही नाहीत, आणि अशा व्यक्तीच्या रक्ताने सुई टोचल्याचा धोका बराच कमी असतो. उलट, ज्याला नुकतीच लागण झाली आहे आणि ज्याला स्वतःलाच ती ठाऊक नाही, त्याच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणूंची संख्या सर्वाधिक असते. म्हणजे ज्याचा अहवाल आपल्याला माहीत आहे, त्याच्यापेक्षा ज्याचा माहीत नाही त्याचे रक्त अधिक धोक्याचे असू शकते. ही गोष्ट मनात पक्की झाली, तर 'अमुक पेशंटला हात लावताना दोन हातमोजे आणि बाकीच्यांना एकही नाही' ही रुग्णालयात दिसणारी पद्धत किती उलटी आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे आकड्यांतून चांगली कळतात. बाधित रक्ताची पिशवी शिरेतून चढवली, तर लागण होण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक असते, कारण तिथे ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त थेट रक्तप्रवाहात जाते आणि मध्ये कोणताही अडसर नसतो. नशेची सुई बाधित व्यक्तीबरोबर वाटून घेतल्यास हे प्रमाण दर १०,००० वेळांमागे सुमारे ६३ आहे. एका वेळेचा आकडा लहान वाटला तरी ते काम दिवसातून अनेकदा होते, म्हणून सुयांवाटे नशा करणाऱ्यांच्या गटांत लागण झपाट्याने पसरते. रुग्णालयात बाधित रक्ताने माखलेली सुई टोचल्यास शक्यता साधारण ३०० मध्ये १ असते. डोळ्यात किंवा तोंडात बाधित रक्ताचा शिंतोडा गेल्यास ती १,००० मध्ये सुमारे १ एवढी खाली येते. सुईचे हे आकडे मुख्यतः परिणामकारक औषधे सर्रास मिळू लागण्यापूर्वीच्या अभ्यासांतले आहेत, हेही लक्षात घ्यावे.

सुई टोचली असे म्हणताना कोणती सुई, हे पाहावे लागते. इंजेक्शनची किंवा शिरेतून रक्त काढण्याची सुई आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत रक्त साठते. टाके घालण्याची सुई भरीव असते आणि हातमोज्यातून आत शिरताना तिच्यावरचे बरेचसे रक्त मोज्याच्या रबरालाच पुसले जाते. जखम खोल असणे, सुईवर रक्त डोळ्यांना दिसणे आणि ती सुई नुकतीच रुग्णाच्या शिरेत किंवा धमनीत असणे या तीन गोष्टींनी धोका वाढतो. तुलनेसाठी सांगायचे, तर हेपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराची लस न घेतलेल्या माणसाला त्या विषाणूने बाधित रक्ताची सुई टोचली, तर लागण होण्याचे प्रमाण ६ ते ३० टक्के असते. ज्यांचा रक्ताशी रोज संबंध येतो, त्यांनी ही लस घेतलेली नसेल, तर त्यांची एचआयव्हीची सगळी काळजी अर्धवट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथा प्रश्न वेळेचा. टेबलावर वाळलेला रक्ताचा डाग आणि सिरिंजच्या बंद नळीत राहिलेले रक्त यांत फरक आहे. नळीत रक्त लवकर वाळत नाही आणि प्रयोगशाळेतल्या अनुकूल तापमानात तिथे सक्षम विषाणू ४२ दिवसांपर्यंतही आढळले आहेत. प्रत्यक्षात रस्त्यावर किंवा बागेत पडलेली सुई पायात घुसून लागण होण्याचा धोका अत्यंत कमी असतो; तरीही ती सुई 'जुनी दिसतेय' म्हणून हाताने उचलू नये आणि टोचली असेल तर डॉक्टरांना दाखवण्यात टाळाटाळ करू नये.

रोजच्या प्रसंगांना हे प्रश्न लावून पाहू

रस्त्यात पडलेल्या जखमीला मदत करताना हाताला रक्त लागले आणि हातावर उघडी जखम नसेल, तर साबणाने हात धुणे पुरेसे आहे. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातात घालून जखमेवर दाब द्यावा, पण मदत थांबवू नये. कबड्डीच्या मैदानात गुडघा फुटला, तर रक्त थांबून पट्टी बांधली जाईपर्यंत खेळाडूला बाहेर बसवावे. ओरखड्याला ओरखडा घासून एचआयव्ही पसरणे जवळजवळ अशक्यच आहे, पण या नियमाने इतर अनेक जंतुसंसर्गही टळतात.

केशकर्तनालयात वस्तऱ्याच्या मुठीत अर्धे पाते घालण्याची पद्धत आता बहुतेक ठिकाणी रुळली आहे. पाते आपल्यासमोर नव्या पाकिटातून मोडून घातले जात आहे ना, एवढे पाहावे. नसेल तर तसे सांगायला संकोचू नये. तुरटीचा खडा रक्त आलेल्या गालावर फिरवून तसाच पुढच्या गिऱ्हाइकाला लावला जातो, त्यातून एचआयव्हीचा धोका नगण्य आहे, पण ती सवय मोडलेलीच बरी. जत्रेत गोंदवून घेण्याचे प्रकरण याहून गंभीर आहे. तिथे सुई त्वचेत शेकडो वेळा आत-बाहेर होते, आणि तीच सुई व शाईची तीच वाटी दिवसभर वापरली जात असेल, तर एकाचे रक्त दुसऱ्याच्या त्वचेत जाण्याची वाट खुली राहते. सुई बंद पाकिटातून निघाली आणि शाई आपल्यापुरती वेगळ्या झाकणात ओतली, तरच हात पुढे करावा.

आता खरोखर धोक्याचा प्रसंग. कंबोडियातल्या रोका गावात २०१४ च्या अखेरीस, उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊमध्ये २०१८ मध्ये आणि पाकिस्तानच्या सिंध प्रांतातल्या रातोदेरोमध्ये २०१९ मध्ये अनेकांना एकाच वेळी एचआयव्ही असल्याचे उघड झाले. रातोदेरोत त्यांतली बहुतेक लहान मुले होती. तिन्ही ठिकाणी चौकशीचा रोख एकाच गोष्टीकडे वळला: इंजेक्शन देताना सुई आणि सिरिंज पुन्हा पुन्हा वापरणे. आपल्याकडेही 'डॉक्टर, सुई मारा म्हणजे लवकर बरं वाटेल' असा आग्रह धरणारे रुग्ण कमी नाहीत, आणि असा आग्रह पुरा करणाऱ्या बिनपदवीच्या दवाखान्यांचा धंदा त्यावरच चालतो.

यातली एक बारीक गोष्ट नीट समजून घ्यावी. 'मी दर वेळी सुई बदलतो, फक्त सिरिंज तीच असते' असे कोणी म्हणाले, तर ते पुरेसे नाही. सुई अंगात असताना दट्ट्या किंचित मागे येतो आणि डोळ्याला न दिसणारे रक्त सुईतून सिरिंजच्या नळीत ओढले जाते. सुई बदलली तरी नळी तशीच राहते. मग तीच सिरिंज औषधाच्या मोठ्या बाटलीत बुडवली, तर बाटलीही दूषित होते, आणि त्यानंतर नवी सिरिंज वापरूनही उपयोग होत नाही. म्हणून इंजेक्शन घेताना सुई आणि सिरिंज दोन्ही बंद पाकिटातून निघाली का, हे पाहावे, आणि गोळीने भागत असेल तर इंजेक्शन मागूच नये.

सुई टोचली किंवा शिंतोडा उडाला, तर

सर्वांत आधी टोचलेली जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. बोट पिळून रक्त काढू नये, ते तोंडात घालून चोखू नये, त्यावर स्पिरिट, डेटॉल किंवा ब्लीच ओतू नये. घाबरलेला माणूस यांतले एखादे काम हमखास करतो. पिळल्याने आणि जळजळीत रसायनाने आजूबाजूच्या ऊती दुखावतात, फायदा काही होत नाही. डोळ्यात रक्त उडाल्यास मान मागे टाकून दुसऱ्या कोणाकडून स्वच्छ पाण्याची किंवा सलाइनची धार सोडून घ्यावी. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी लेन्ससकट डोळा धुवावा, मग ती काढून पुन्हा धुवावा. तोंडात गेल्यास थुंकून अनेकदा चुळा भराव्यात.

त्यानंतर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. लागण टाळण्यासाठी घटनेनंतर घ्यायच्या औषधांना पीईपी म्हणतात. ती शक्यतो २ तासांच्या आत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ही मर्यादा मनाला येईल तशी ठरवलेली नाही. माकडांवरील अभ्यासांत असे दिसले की विषाणू आत शिरल्यावर पहिले एक-दोन दिवस स्थानिक पेशींतून जवळच्या लसिकाग्रंथींकडे, म्हणजे सुजल्यावर ज्यांना आपण अवधाण म्हणतो त्या गाठींकडे जातो, आणि रक्तभर पसरायला त्याला आणखी काही दिवस लागतात. या मधल्या अवकाशातच औषध त्याला अडवू शकते. भारतात सध्या टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर या तीन औषधांची एकत्रित गोळी दिवसातून एकदा, २८ दिवस दिली जाते. मूत्रपिंडाचा विकार, हेपॅटायटिस बी, गर्भारपण आणि चालू असलेली इतर औषधे यांची माहिती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत द्यावी. मळमळ झाली किंवा 'आता तर बरं वाटतंय' म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या सोडणारे भेटतात. त्यांनी सोडण्याआधी एक फोन करायला हवा होता, एवढेच म्हणता येते, कारण त्रासावर उपाय असतो, अर्धवट डोसाला नसतो.

सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग किंवा एचआयव्हीची औषधे देणारे एआरटी केंद्र इथे विचारावे, आणि कुठे जावे हे कळत नसेल तर १०९७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करावा. वरिष्ठ रागावतील या भीतीने सफाई कर्मचारी आणि शिकाऊ परिचारिका घटना लपवतात. माझ्यासमोर बसलेल्या एका मावशींनी चादरीच्या घडीतली सुई लागल्याचे चौथ्या दिवशी सांगितले. तोवर त्यांनी हळद लावून बोटाला चिंधी बांधली होती, आणि औषधाची वेळ टळून गेली होती. पुढे त्यांच्या सगळ्या चाचण्या सुदैवाने नकारार्थी आल्या, पण ते तीन महिने त्यांनी कसे काढले, हे मी पाहिले आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार अशा धोक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि पीईपी पुरवणे ही आस्थापनेची जबाबदारी आहे. ती मेहेरबानी नव्हे. त्याच कायद्यानुसार ज्याच्या रक्ताचा संपर्क आला त्या रुग्णाचीही चाचणी त्याच्या संमतीनेच व्हायला हवी आणि त्याचे नाव गुप्त राहायला हवे.

चाचणी केव्हा करावी याबद्दलही गोंधळ असतो. घटनेच्या दिवशी केलेली चाचणी आपली आधीची स्थिती सांगते, त्या घटनेचा परिणाम सांगत नाही, कारण लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंत मध्ये काही काळ जातो. त्यालाच विंडो पिरियड म्हणतात. विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी नॅट चाचणी साधारण १० ते ३३ दिवसांत, प्रतिजन (विषाणूचाच अंश) व प्रतिपिंड (त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने) दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी १८ ते ४५ दिवसांत आणि केवळ प्रतिपिंड शोधणारी चाचणी २३ ते ९० दिवसांत लागण दाखवू शकते. म्हणून सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी, तसेच डॉक्टर सांगतील तर त्यानंतरही चाचणी करावी. तोवर संबंधांच्या वेळी निरोध वापरावा आणि रक्तदान करू नये. एकाच ताटात जेवायला, मुलांना जवळ घ्यायला आणि स्वयंपाक करायला कोणतीही आडकाठी नाही.

रक्त देताना आणि घेताना

रक्तदात्याला धोका नसतो, कारण पिशवीला जोडलेली सुई निर्जंतुक असते आणि ती एकदाच वापरली जाते. धोका असेल तर तो रक्त घेणाऱ्याला. १९८० च्या दशकात पाश्चात्त्य देशांतले हजारो हिमोफिलियाचे, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचे, रुग्ण याच वाटेने बाधित झाले, कारण हजारो दात्यांच्या एकत्र केलेल्या रक्तद्रवापासून त्यांचे औषध बनत असे, आणि त्यांतला एक दाता बाधित असला तरी सगळा साठा दूषित होई. भारतात दात्यांच्या रक्ताची एचआयव्ही तपासणी १९८९ पासून सक्तीची झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आली. पैशांसाठी रक्त देणारा आपली माहिती लपवतो, हे त्यामागचे साधे कारण होते. तपासणी कितीही चांगली असली तरी विंडो पिरियडमधला दाता तिच्यातून निसटू शकतो. म्हणून 'शिबिरात रक्त दिलं की फुकट तपासून मिळतं' या हेतूने कोणी रांगेत उभे राहू नये. चाचणी हवी असेल तर सरकारी रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात ती मोफत आणि गुप्तपणे होते. रक्त घ्यायची वेळ आल्यास परवानाधारक रक्तपेढीचेच घ्यावे, आणि नॅट तपासणी झालेली पिशवी मिळू शकते का, हे विचारावे. ती सगळीकडे होत नाही.

सुई, पाते आणि सांडलेले रक्त

वॉर्डात सुया लागण्याचे एक ठरलेले कारण म्हणजे वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवणे. टोपण बसवायचेच नाही, सुई थेट न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची, हा नियम आहे. काही कारणाने ते बसवावेच लागले, तर टोपण ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी आणि दुसरा हात पाठीमागे ठेवावा. डबा तीन चतुर्थांश भरला की बदलावा, कारण गच्च भरलेल्या डब्यात सुई ढकलतानाच हात फाटतात.

जमिनीवर रक्त सांडल्यास जाड हातमोजे घालून त्यावर कागद किंवा जुना कपडा टाकावा आणि त्यावर ब्लीचचे द्रावण ओतून किमान १० मिनिटे तसेच राहू द्यावे. ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचा १ भाग ९ भाग पाण्यात मिसळला की ०.५ टक्क्यांचे द्रावण तयार होते. ते त्याच दिवशी बनवलेले असावे. काचेचे तुकडे हाताने न उचलता सुपलीने किंवा पुठ्ठ्याने भरावेत.

घरात मधुमेहाचे इन्सुलिन घेणारे कोणी असेल, तर त्यांच्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादलीत मोकळ्या जाता कामा नयेत, कारण त्या पिशवीत सकाळी उघडा हात घालणारी व्यक्ती वेगळीच असते. जाड प्लास्टिकची रिकामी बरणी घ्यावी, सुया आणि दाढीची पाती तिच्यात टाकत जाव्यात, भरत आली की झाकणावर चिकटपट्टी लावून बाहेर ठळक अक्षरांत 'सुया आहेत' असे लिहावे, आणि ती कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी द्यावी.